एका बशीतले दोन सरकारी वकील

तुळश्या, तुझी खुर्ची टोचते बे. डाव्या बाजूचा वेत तुटला आहे आणि बसलं की बरोबर मांडीखाली एक काडी येते. इतकी वर्षं समोरच्या बाजूनं तुला सारखा चुळबुळताना पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, या माणसाला स्वस्थ बसणं माहीतच नाही. आता कळलं. नाझराला सांगून वेत बदलून का घेतला नाहीस? की सांगितलंस आणि त्यानं ऐकलं नाही? दुसरंच असेल. आपल्या कोर्टात खुर्चीचा वेत बदलायचा म्हणजे तोवर माणसाला नातवंडं होतात.

हो, बसलो तुझ्या खुर्चीवर. मीच, तुझा शेठ. नोकरीभर पोलिसांच्या बाजूनं उभा राहून ज्या पोरांना शिक्षा मागितली, तसल्याच पोरांच्या बाजूनं उभं राहायचं सरकारी काम आता माझ्याकडं आलं आहे. तू असतास तर पोट धरून हसला असतास. मग डोळे पुसत म्हणाला असतास, "काऊन बे शेठ, पुण्य कमी पडलं काय?" या एका वाक्यासाठी काल दिवसभर मी कान टवकारून बसलो होतो. सवय जात नाही लवकर.

तू गेलास तेव्हा देऊळघाटच्या तुझ्या मळ्यात मेथी होती. ती निघाली, यमुनावहिनींनी त्या वाफ्यांत कांदा लावला. तेरवीला सगळे आले होते. त्याआधी बार रूममध्ये शोकसभा झाली. एकानं तुला गरिबांचा कैवारी म्हटलं, दुसऱ्यानं दानशूर. मी खाली मान घालून बसलो होतो, लोकांना वाटलं रडतोय. रडतही होतो, खोटं कशाला सांगू, पण निम्मं हसू दाबत होतो. दानशूर म्हणे! तुला कोणी असं म्हटलं की तुझं डोकं कसं फिरायचं, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. अध्यक्षांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी हातानंच नको म्हणालो. मला जे बोलायचं होतं ते तुझ्याशी होतं, त्या सभेशी नव्हतं.

आपण नागपूरला लॉ कॉलेजात एका खोलीत राहायचो तेव्हापासून भांडत आलो. तुझ्या देऊळघाटची वांगी मोठी की माझ्या देऊळगाव राजाचा बाजार मोठा, यावरूनसुद्धा. माझं गाव जालन्याला लागून, म्हणून माझ्या बोलण्याची तू नक्कल करायचास. "तुह्या तोंडात अर्धा जालना हाये," म्हणायचास. बाप कापसाचा अडत्या म्हणून मला शेठ नाव ठेवलंस, ते मी पगारावर सरकारी वकील झालो तरी सुटलं नाही. ही सगळी लुटुपुटीची भांडणं. खरं भांडण एकच होतं, आणि ते तू अर्धवट टाकून निघून गेलास. हे काही बरं केलं नाहीस.

आत्ताच्या नव्या वकिलांना सांगितलं तर खरं वाटणार नाही, आधी कसं चालायचं ते. एखादं मजुराचं पोरगं चोरीच्या आरोपाखाली समोर यायचं. वकील नाही, बाप कामावर, आई दाराशी डोक्यावरचा पदर सावरत उभी. साहेब इकडंतिकडं पाहायचे आणि कोपऱ्यातल्या एखाद्या नवशिक्या वकिलाला म्हणायचे, बघा हो जरा याचं. तो पोराला व्हरांड्यात न्यायचा, पानाची पिंक टाकेपर्यंत त्याच्याशी बोलायचा आणि आत येऊन सांगायचा, गुन्हा कबूल आहे साहेब, लहान आहे, दया करावी. दया व्हायचीसुद्धा. पण पोरगं चोर ठरून घरी जायचं, आणि पुढं गावात कुणाची पितळी घागर हरवली तरी पोलीस आधी त्याच्याच दारात.

मी म्हणायचो, आपण चार वकील मिळून अशी पोरं वाटून घेऊ, त्यांचं काम फुकट करू, तेवढंच पुण्य. तू उसळायचास.

"फुकट नाई! फुकटचा वकील मेहेरबानी करते. मेहेरबानी करनाऱ्याले कोनी विचारू शकते काय, काऊन जी, काल तारखीले काऊन नाई आले? सरकारनं पैसा देला पाह्यजे. पोलिसाले पैसा हाये, जेलाले हाये, तुले हाये. मंग त्या पोराच्या वकिलालेच काऊन नाई?"

"अरे, ज्यानं खटला भरायचा त्यानंच वकील द्यायचा? लोक आधीच ठरलेली नुरा कुस्ती म्हणतील."

"म्हनू दे. राज्य नवं झालं ना? मंग हे जुनंच काऊन चालू ठेवा लागते?"

राज्य खरंच नवं होतं तेव्हा. महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते, आपल्या जिल्ह्याचे कागद कुठल्या टेबलावर जाऊन पडतात तेही धड कळत नव्हतं. तू मात्र अर्जावर अर्ज करत सुटलास. मलकापूरला गाडी धरायची, मुंबईला उतरायचं, सचिवालयाच्या पायऱ्या चढायच्या, कोणीतरी पुढच्या महिन्यात या म्हणायचं, की तू परत. सोबत वहिनींनी बांधून दिलेल्या भाकरी. मी तुला सचिवालयाचा जावई म्हणायचो. आणि एक दिवस मंजुरी आली. जिल्ह्यातल्या गरीब घरच्या पोरांसाठी सरकारी खर्चानं एक वकील. त्यात तू हट्टानं घालायला लावलेलं कलमही होतं: वकिलानं पोराच्या गावी जायचं, त्याचं भाडं सरकार देणार, साक्षीला येणाऱ्यांचा भत्तासुद्धा. मला ते कलम उधळपट्टी वाटलं होतं. "वकील देनं सोपं हाये बे," तू म्हणालास, "त्याले त्या पोराच्या गावापावतर जायाले लावनं अवघड."

मंजुरी वर्षापुरती होती. अनुभव पाहून पुढचं ठरवू, असं वरून आलं होतं. दुसरा कोणी तयार नव्हता म्हणून वकीलही तूच झालास. मी पेढे खाल्ले आणि तुझ्या तोंडावर सांगितलं, वर्षात बंद पडेल. आणि खरं सांगू, जवळजवळ पडलंच होतं. पहिल्याच पोराच्या वेळी.

तो सुलतानपूरचा गजू. मिसरूड फुटायचं होतं त्याला. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या वावरातून कापूस चोरला, असा खटला, आणि सरकारच्या बाजूनं मी. त्याची आई गिरजाबाई, नवरा नसलेली, वेचणी-निंदणीला जाणारी बाई. मेहकरला गाडी बदलून ती बुलढाण्याला आली, कोर्ट सुटेपर्यंत परतीची गाडी गेली, म्हणून तू तिला घरी नेलंस. तारखा जवळ होत्या, ती तुझ्याच ओसरीवर राहिली. पण बोलेल तर शपथ. तू काहीही विचारलं की तिचं एकच, "आमाले काई माहीत नाई जी." पोरगंही तसंच. खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायचं. तू सरकारी भाड्यानं सुलतानपूरला जाऊन आलास, तिथंही सगळे गप्प. ज्याच्या वावरात रोजानं जायचं त्याच्याविरुद्ध कोण तोंड उघडणार?

तुझं काळजीनं जेवण उडालं होतं. शेजारी सरकारनं दिलेला वकील बसलेला असताना पोराला शिक्षा झाली, तर दुसरी कुठलीही आई आपलं पोर तुझ्या हवाली करणार नव्हती. पुढच्या वर्षाची मंजुरी तर लांबच. मला तुझी कीव येत होती, पण मी समोरच्या बाजूचा, मी काय मदत करणार?

आता त्या चहाचं सांगतो. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टपरी होती, अजून आहे. नागपुरात खिसे रिकामे असायचे तेव्हापासूनची आपली रीत, एकात दोन. एक कप घ्यायचा, एकानं कपातून प्यायचा, दुसऱ्यानं बशीतून, आणि दुसऱ्या दिवशी उलट. पुढं दोघांचं बरं चाललं तरी ती रीत आपण सोडली नाही. टपरीवाला न विचारताच एक कप आणि कोरडी बशी पुढं ठेवायचा. सकाळी आपण कोर्टात एकमेकांवर ओरडायचो आणि मधल्या सुट्टीत बशीवर फुंकर मारत बसायचो. वकिलांना यात काहीच वाटत नाही. पण लिंबाखाली गठुडं घेऊन बसलेल्या माणसाला काय वाटत असेल, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

त्या दिवशी बशीची पाळी तुझी होती. मी चहा ओतला आणि बशी तुझ्याकडं सरकवली. तू माझ्याकडं पाहिलं नाहीस, माझ्या खांद्यावरून मागं पाहिलंस. मग बशी उचललीस, तिच्यातला चहा परत माझ्या कपात ओतलास, निम्मा माझ्या बाहीवर सांडला, आणि बशी पालथी ठेवून सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं म्हणालास, "मी सरकारी वकिलासंगं चहा पेत नसतो!"

तुळश्या, माझी कानशिलं अशी तापली की काय सांगू. पोलीस हसले, कारकून हसले, टपरीवाल्याच्या हातातलं पातेलं हललं. तू गटागटा पाणी प्यालास आणि उठून सरळ लिंबाच्या पाराकडं चालू लागलास. मी त्या ओल्या बाहीनं दुपारभर काम केलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तुळशीरामाला वेड लागलंय, आता त्याचं तोंड पाहणार नाही. तिनं कोट पाण्यात टाकला आणि म्हणाली, रविवारपर्यंत राग टिकतो का पाहू.

नाही टिकला. रविवारी मळ्यात यमुनावहिनींनीच सगळं उलगडून सांगितलं. त्या चहाच्या आदल्या संध्याकाळी लसूण सोलता सोलता गिरजाबाई त्यांच्याजवळ बोलून गेली होती. "बाई, तुमचे मालक मानूस चांगले हायेत. पन ते आन तो पोलिसाचा वकील एकाच बशीत चहा पेतेत. म्या माह्या डोयानं पाह्यलं. मी माह्या लेकराचं कसं सांगू त्याइले? अठी सांगतलं का तठी जाईन." झालं. सचिवालयाच्या पायऱ्या, मंजुरी, कलम, भाडं, भत्ता, सगळं त्या एका बशीत अडकून बसलं होतं. आणि ते तुला कुठल्या कायद्याच्या पुस्तकानं नाही, लसणाच्या टोपलीपाशी कळलं.

बशी पालथी ठेवलीस त्याच दुपारी पारावर गिरजाबाईनं तुला पहिल्यांदा सगळं सांगितलं. मला ते कळलं थेट कोर्टात, आणि तेही माझ्याच साक्षीदाराच्या तोंडून.

माझा साक्षीदार म्हणजे त्या शेतकऱ्याचा ढोरकी, गुरं राखणारा म्हातारा. त्यानं गजूला कापूस वेचताना डोळ्यांनी पाहिलं होतं. यापेक्षा पक्का पुरावा कुठला असतो? मी खुशीत खाली बसलो. तू उठलास. साहेब पुण्याकडचे, तुझी वऱ्हाडी ऐकली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. तू तिकडं लक्षच दिलं नाहीस, म्हाताऱ्याशी ओसरीवर बसून बोलावं तसा बोलायला लागलास.

"बाबा, पोराले तुमी कोठून पाह्यलं?"

"वावरातूनच जी. मी तठीच होतो."

"तठी काय करत होते?"

"ढोरं चारत होतो."

"कोनाची?"

"मालकाचीच. दुसऱ्याची कायले चारू?"

"मालकाची ढोरं मालकाच्याच पऱ्हाटीत घातली? मालक रागावले नाईत?"

"रागावतीन कायले? त्याइनंच त सांगतलं. उलंगवाडी झालती ना जी."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "उलंगवाडी म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

आणि तू काय केलंस? खाली बसलास! बसता बसता शुद्ध पुस्तकी भाषेत म्हणालास, "साहेब, मी सांगितलं तर ते आरोपीच्या वकिलाचं सांगणं होईल. विद्वान सरकारी वकील कापसाच्या अडत्याचे चिरंजीव आहेत. त्यांनाच विचारावं."

सगळं कोर्ट माझ्याकडं पाहायला लागलं. मी उठलो. उलंगवाडी म्हणजे काय हे मला माहीत नाही असं म्हणायची सोय नव्हती. आमच्या अडतीवर तर सगळं वर्ष त्या शब्दाभोवती फिरायचं. मी सांगितलं, साहेब, शेवटची वेचणी झाली की मालक वावर मोकळं झालं असं जाहीर करतो, ती उलंगवाडी. मग पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या उभ्या झाडांत, ढोरं सोडतात. झाडाला राहिलेली बोंडं गोरगरिबांनी वेचली तर त्याला सरवा म्हणतात आणि कोणी कोणाला हटकत नाही. आमच्याकडची रीतच आहे ती.

"मग या मुलानं चोरी कशाची केली?" साहेब म्हणाले.

"तेच मलाही आता विचारावंसं वाटतंय, साहेब," मी म्हणालो आणि बसलो.

पुढं सगळं बाहेर आलं. उलंगवाडीनंतर अवकाळी शिडकावा झाला होता, उरलीसुरली बोंडं अनपेक्षित फुटली, गजूचं गठुडं भरलेलं पाहून मालकाची नियत फिरली आणि त्यानं फिर्याद दिली. आपला हक्क समजून भर दिवसा वेचणारं पोरगं चोर कसं, असं म्हणून साहेबांनी त्याला सोडलं. गजूला आधी समजलंच नाही. शिपायानं त्याला दाराकडं वळवलं तेव्हा तो रडायला लागला, आणि गिरजाबाई त्याला पाठीत गुद्दे घालत रडायला लागली. ते गुद्दे मला अजून आठवतात.

आता एक तुला कधीच न सांगितलेलं. त्या दिवशी मी हरलो आणि मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, घरी जाताना मी बाजारातून बायकोसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला, ती विचारत राहिली काय झालं, आणि मी सांगितलं नाही. सरकारी वकिलानं हरल्याबद्दल गजरा घ्यावा हे कुठं सांगणार? आणि दुसरं. तू तो प्रश्न माझ्याकडं का टाकलास ते मला त्याच क्षणी कळलं होतं. शेठ खोटं सांगणार नाही, यावर तू त्या पोराचं सगळं लावून मोकळा झाला होतास. मी घुटमळलो असतो तर? तुला हे विचारायचं राहून गेलं. खरं तर विचारायचं नव्हतंच, कारण तू म्हणाला असतास, "तू घुटमळला नाईस ना? मंग झालं." पण कुणी आपल्यावर इतका भरवसा ठेवला, हे माणसाला जन्मभर पुरतं, तुळश्या. मला पुरलं.

गजू सुटला, दुसरी मंजुरी आली, मग तिसरी. पोरं येत राहिली. आणि आपला चहा बंद तो बंदच. मला वाटलं होतं गजूचा निकाल लागला की परत एकात दोन. मी टपरीवर तुझी वाट पाहत बसलो तर तू लांबूनच हात केलास आणि पाराकडं गेलास. तिथं दुसरी कोणीतरी आई बसली होती. मग तिसरी. वर्षामागून वर्षं गेली, पार कधी रिकामा झालाच नाही. टपरीवाल्यानं कोरडी बशी ठेवणं सोडून दिलं.

रविवारी मात्र तुझा मळा माझा. देऊळघाटची गाडी धरून यायचो, विहिरीपाशी बाज टाकलेली असायची, वहिनी पितळी पेल्यांतून चहा आणायच्या. पेला तोंडाला लावला की मी सुरू व्हायचो.

"अठी चालते आन तठी चालत नाही? ढोंगी आहेस तू."

"अठी गिरजाबाई नाई पाहून राह्यली."

"अरे, ती कधीच सुलतानपूरला गेली! पोराचं लग्नसुद्धा झालं तिच्या."

"मंग दुसरी असन."

असं बोलून तू वाफ्यात पाणी सोडायला उठायचास. मग योजनेवरून जुंपायची. मी कुठून तरी ऐकून आलेलं सांगायचो, अमुक ठिकाणी असाच सरकारी पैसा घेऊन वकील पोराचं तोंडसुद्धा न पाहता उभा राहतो, बघ, मी म्हणत नव्हतो? आणि तू फावड्यावर हनुवटी टेकून म्हणायचास, "त्याले जाब विचार ना मंग. पैसा घेतला म्हनून त विचारता येते." यावर मी उठून वांगी तोडायला लागायचो. पिशवी भरून वांगी घेऊन बुलढाण्याला परतायचो. हरलेल्या प्रत्येक रविवारी आमच्या घरी भरीत व्हायचं. ती वर्षं फार चांगली गेली, तुळश्या. तक्रार करायला जागा नाही.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी गळ्यात झेंडूचा हार घेऊन मी कोर्टाच्या पायऱ्या उतरलो. तू टपरीवर बसला होतास. सगळ्या आवारासमोर तू ओरडलास, "एकात दोन!" म्हातारा झालेला टपरीवाला बशी शोधायला लागला, फडक्यानं पुसून त्यानं ती ठेवली. तू चहा ओतलास आणि बशी माझ्याकडं सरकवलीस. "घे बे शेठ. आता तू कोनाचाच नाई." पारावर दोन बायका बसल्या होत्या, त्यांनी पाहिलं आणि आपल्या बोलण्यात गुंग झाल्या. मी बशीवर फुंकर मारली. फार गोड होता चहा. मी तुला म्हणालो, साखर जास्त झाली, आणि तू म्हणालास, बरोबर हाये.

मग थंडीत तू गेलास. निजेतच, कोणाला त्रास न देता. एवढी एक गोष्ट तू भांडण न करता केलीस.

शोकसभेनंतर कचेरीतला माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, पोरांच्या कामासाठी कोणी वकील तयार नाही, गाडीनं खेडी हिंडायला कोण जाणार? जागा अशीच राहिली तर मंजुरी परत जाईल. मी म्हटलं, बघतील कोणीतरी. आणि तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मळ्यात गेलो. वहिनी कांद्याचं रोप लावत होत्या. मी न विचारता म्हणाल्या, "भाऊजी, तठी तुमीच बसा. दुसरा कोनी बसला त मले सवय करा लागन."

"वहिनी, मी जन्मभर या योजनेच्या विरुद्ध बोललो."

"मले माहीत नाई काय? चुलीपाशी सारं आयकू येत होतं." त्यांनी हातातलं रोप दाबलं. "पन दुसऱ्या कोनासंगं ते एवढं भांडले नाईत. ज्याच्यासंगं एवढं भांडले त्यालेच त सारं समजलं असन ना?"

तुझीच बायको ती. मी खाली बसलो आणि त्यांना रोपं काढून द्यायला लागलो. उठता उठता हो म्हणालो.

तर काल माझा पहिला दिवस. पहिलं पोरगं सायकलचोरीच्या आरोपातलं, देऊळगाव राजाकडचं, म्हणजे माझ्याच गावच्या वाऱ्याचं. मला वाटलं, आपल्या बाजूची भाषा, घटकेत बोलेल. कसलं बोलतंय! त्याची आई तर माझ्याकडं पाहायलाही तयार नाही. मी गोड बोललो, दरडावून पाहिलं, बालाजीच्या यात्रेच्या गोष्टी काढल्या. दोघंही मुकी. सुट्टी झाली तेव्हा मी दमलो होतो. टपरीवर टेकलो तर नवा सरकारी वकील धावत आला. माझ्याच हाताखाली तयार झालेला, फार सालस पोरगा. आपली रीत त्यानं ऐकलेली. "सर, आज मी पाजतो. एकात दोन," म्हणाला, आणि स्वतः बशीत ओतून अदबीनं माझ्यापुढं धरली. माझे डोळे भरून आले रे. बशी घेतली, ओठांपर्यंत नेली, फुंकर मारायला मान उचलली.

पारावर ती आई बसली होती, मांडीवर गठुडं. माझ्या तोंडाकडं पाहत नव्हती. बशीकडं पाहत होती.

तू माझ्या खांद्यावरून मागं काय पाहिलं होतंस ते मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दिसलं. मी ऐकलं होतं, मला माहीत होतं, त्यावर शेकडो वेळा भांडलो होतो, पण दिसलं काल.

मी बशीतला चहा परत त्याच्या कपात ओतला. थोडा त्याच्या बाहीवर सांडला. बशी पालथी ठेवली आणि मोठ्यानं म्हणालो, "मी सरकारी वकिलासोबत चहा पीत नसतो." पोराची कानशिलं लाल झाली. आज संध्याकाळी त्याच्या घरी जाणार आहे, समजावून सांगायला. तुझ्यासारखं रविवारपर्यंत टांगून ठेवणार नाही. तेवढा राग माझा अजून शिल्लक आहे, तो राहू दे.

मग उठलो आणि पाराकडं गेलो. तिनं गठुडं उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं, मला बसायला जागा केली. मी बसलो. लिंबाचा पाला पडत होता. माझ्याकडं न पाहताच ती म्हणाली, "सायकल त्यानं नेली हे खरं हाये, साहेब. पन त्याच्या हातात कोनी देली, ते सांगन मी तुमाले."

"सांगा," मी म्हणालो.

आणि तुळश्या, ती बोलली.